रक्तातला गंज आणि अक्काच्या कपाटातली टॉनिकची बाटली

जुलैच्या दुसऱ्या रविवारी अक्काकडं गेले होते. अक्काचं सासर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पलीकडं, जांबोटीच्या वाटेवर, तिकडं एकदा पाऊस धरला की चार महिने अंगणातला चिखल वाळत नाही आणि पोरांचे युनिफॉर्म चुलीवर धरून सुकवावे लागतात. चहा ठेवायला म्हणून कपाट उघडलं, साखरेचा डबा पुढं ओढला आणि त्याच्या मागं ती बाटली दिसली. लालभडक लेबल, डाळिंबाचं चित्र, वर मोठ्या अक्षरात अँटिऑक्सिडंट आणि त्याखाली रक्तवाढीसाठी उत्तम. मी लॅबमध्ये काम करते, कुठलीही बाटली हातात आली की उलटी करून मागचं बारीक वाचायची सवय लागलीय. मागं पहिल्या ओळीत लोह, दुसऱ्या ओळीत व्हिटॅमिन सी.

"अक्का, हे काय द्यायलीस पोराला?"

"टॉनिक की गं. दीड महिना झाला. तूच म्हणाली होतीस नव्हं, त्याच्या अंगात अँटिऑक्सिडंट कमी असतात म्हणून."

म्हणाले होते मी, खरंच. दिवाळीला सगळे जमलो होतो तेव्हा भाच्याच्या आजाराबद्दल, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराबद्दल बोलता बोलता मीच सांगितलं होतं की या पोरांच्या रक्तात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींना आतून गंज धरणं, जास्त असतो आणि तो थोपवणारे अँटिऑक्सिडंट कमी असतात. त्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं, पण गोष्ट अर्धी सांगितली आणि लाडू खायला उठले. उरलेली अर्धी अक्कानं कुठल्या तरी व्हिडिओवरून आणि बेळगावातल्या एका औषध दुकानदाराकडून पुरी करून घेतली. आई आहे ती, पोरासाठी काहीतरी करायला मिळतंय म्हटल्यावर दुसरं काय करणार. त्या रात्री लाईट गेली होती, चुलीपुढं बसून तिला जे सांगितलं तेच इथं लिहायलेय, कारण आपल्या भागात अशा बाटल्या आणखी किती कपाटांत असतील कोण जाणे.

भाचा आता ११ वर्षांचा आहे. बीटा थॅलेसेमिया मेजर. आठ महिन्यांचा असताना कळलं. जन्मला तेव्हा छान गुटगुटीत होता, कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी नावाचा प्रथिनाचा तुकडा लागतच नाही, जन्मानंतर काही महिन्यांत ते मागं पडतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू व्हायला लागतं, तिथं येऊन गाडी अडते. दूध ओढायचा बंद झाला, तळहात पांढरे पडले, पोट डाव्या बाजूनं टम्म दिसायला लागलं. आज्जी म्हणाली दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरवल्या. मग बेळगावला आणला तेव्हा हिमोग्लोबिन ४.८ निघालं.

अक्काचं लग्न आत्याच्या मुलाशी झालेलं. आपल्याकडं मामाची पोरगी म्हणजे हक्काची पोरगी, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि दाजी माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत. पण एकाच घराण्यातलं जीन दोन्हीकडं गुपचूप उतरलं होतं. पोराच्या निदानानंतर सगळ्या घराची एचपीएलसी नावाची रक्ततपासणी केली, तेव्हा अक्का मायनर, दाजी मायनर, आणि मीही मायनर निघाले. हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर असलं की मायनर धरतात, माझं ५.१ आलं. मायनर म्हणजे आजार नव्हे, एक जीन बिघडलेलं आणि एक चांगलं, माणूस धडधाकट असतो. पण दोन मायनर नवराबायको असले की प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर व्हायची शक्यता चारात एक. मेजर मूल जन्मलं की मग दर तीन आठवड्यांना रक्ताची बाटली, जन्मभर.

आणि एक गोष्ट सांगते जी मला अजून टोचते. कॉलेजला असताना माझं हिमोग्लोबिन सतत दहाच्या आसपास असायचं म्हणून एका दवाखान्यात मला तीन वर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन वर्षं. एकदाही फेरिटीन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा सांगणारा रक्तातला आकडा, बघितलं नाही, एकदाही कुणी म्हणालं नाही की गोळ्या घेऊनही वाढत नाही तर कारण दुसरं असेल का. पेशींचा आकार, ज्याला रिपोर्टात एमसीव्ही म्हणतात, तो ६४ होता, म्हणजे बराच लहान, लाल पेशींची संख्या मात्र भरपूर. लॅबमधल्या कुठल्याही अनुभवी माणसाला एवढ्यावरून शंका यायला हवी. तेव्हा ती कुणाला आली असती तर अक्काच्या लग्नाआधी आमच्या घरात थॅलेसेमिया हा शब्द तरी आला असता. असो.

आता त्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसकडं येते.

हिमोग्लोबिन म्हणजे चार साखळ्यांचा गठ्ठा, दोन अल्फा, दोन बीटा. अल्फाचं जीन १६ व्या गुणसूत्रावर, बीटाचं ११ व्या. जोड्या जमून काम चालतं, जसं नांगराला दोन बैल. भाच्याच्या शरीरात बीटाच तयार होत नाही, अल्फा मात्र नेहमीसारख्या धडाधड बनतात. जोडीला कुणी नाही म्हटल्यावर त्या मोकाट अल्फा साखळ्या पेशीतच गोळा होऊन साका धरतात, पेशीच्या पातळ आवरणाला आतून चिकटतात. बहुतेक पेशी तर हाडाच्या मगजातून बाहेर पडायच्या आधीच मरतात. म्हणजे शरीर रक्त बनवत नाही असं नाही, जिवाच्या आकांतानं बनवतं आणि बनवलेलं तिथंच वाया जातं. त्या ओढाताणीत मगज फुगत जातो, गालाची हाडं वर येतात, प्लीहा वाढते. वेळेवर रक्त मिळत राहिलं तर हे सगळं आटोक्यात राहतं, म्हणून तर बाटली चढवायच्या आधीचं हिमोग्लोबिन ९.५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टर सांगतात.

पेशी मेली की तिच्या हिमोग्लोबिनमधलं हीम फुटतं आणि हीममध्ये असतं लोह. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे पंचवीस कोटींच्या वर रेणू, प्रत्येकात लोहाचे चार अणू. ठरल्या जागी बसलेलं लोह प्राणवायू वाहून नेतं, त्याच्याशिवाय जगणं नाही. पण मोकळं झालेलं लोह म्हणजे दावं तुटलेला बैल. आपल्या सगळ्यांच्या पेशींत श्वासोच्छ्वासाच्या कामातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साईड तयार होत असतं. तेच, जे गुडघा फुटला की कापसानं लावतात. मोकळं लोह त्या पेरॉक्साईडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा भयंकर चिडका कण तयार होतो, तो समोर जे येईल त्याला चावतो, चरबी, प्रथिनं, डीएनए, काही बघत नाही. ही रिॲक्शन फेंटन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८९४ साली मांडली आणि ती त्यानं बघितली होती टार्टारिक ॲसिडवर, म्हणजे आपल्या चिंचेत जे असतं त्यावर. चिंचेच्या आंबटाला काय होतं हे बघताना सापडलेली गोष्ट शंभर वर्षांनी माझ्या भाच्याच्या रक्ताला लागू पडतेय, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

शरीर गप्प बसत नाही. त्याच्याकडं आपली पहारेकऱ्यांची फळी आहे, त्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणायचं. त्यातला एक तर तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलाय. जखमेवर पेरॉक्साईड टाकलं की फस्सकन पांढरा फेस येतो ना, तो मेडिकलवाल्याच्या बाटलीतल्या औषधाचा प्रताप नव्हे, आपल्या रक्तातल्या कॅटालेज नावाच्या एन्झाइमचा आहे. ते पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, फेस म्हणजे तो ऑक्सिजन. दुसरं सुपरऑक्साईड डिसम्युटेज, एसओडी म्हणतात, ते काय काम करतं हे मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवलं, त्याला काम करायला तांबं आणि झिंक लागतं. तिसरं ग्लुटाथायोन आणि त्याचं एन्झाइम, त्याला सेलेनियम लागतं. आणि पेशीच्या आवरणातल्या चरबीत दडून बसलेलं व्हिटॅमिन ई.

त्या आवरणाचं काय होतं हे मला पहिल्यांदा पुस्तकातून नाही, तेलातून कळलं. शिकत असताना आमच्या सरांनी एक प्रॅक्टिकल घेतलं होतं. एका टेस्ट ट्यूबमध्ये घाण्याचं ताजं शेंगतेल, दुसरीत भजीच्या गाड्यावरचं तीन-चार दिवस तापून काळपट झालेलं तेल. दोन्हीत थायोबार्बिट्युरिक ॲसिडचं रिएजंट घालायचं आणि उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं उभं करायचं. त्या ॲसिडचा वास नाकात झोंबतो, खिडक्या उघडून सगळे बाजूला उभे होतो. ताज्या तेलाची ट्यूब जवळजवळ पांढरीच राहिली, आणि गाड्यावरच्या तेलाची हळूहळू गुलाबी होत गेली, आधी फिकट, मग अगदी कोकम सरबतासारखी. सर म्हणाले, तेल खवट झालं की त्यात मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होतं, हा रंग त्याचा. मग ट्यूब उजेडाला धरून म्हणाले, हीच टेस्ट माणसाच्या सीरमवर करतात, आपल्या पेशींच्या आवरणातली चरबीसुद्धा अशीच खवट होते. तो रंग मशीनवर ५३२ नॅनोमीटरला मोजायचा, जितका गडद तितकं नुकसान जास्त.

खवट. हा शब्द मी अक्काला सांगितला तेव्हा तिला पटकन समजलं. पावसाळ्यात डब्यातले शेंगदाणे खवट होतात तसं, एकदा झाले की धुऊन, भाजून, काही करून परत गोड होत नाहीत.

थॅलेसेमियाच्या रुग्णांचं रक्त तपासून जगभर पुष्कळ अभ्यास झालेत, आपल्या देशातही झालेत, आणि त्यातलं चित्र बरंचसं सारखं आहे. मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेलं. व्हिटॅमिन ई कमी. पेशीतलं ग्लुटाथायोन बहुतेक ठिकाणी कमी. एसओडीच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रकारचे आकडे येतात, काही ठिकाणी वाढलेलं, काही ठिकाणी घटलेलं, आणि दोन्हीला अर्थ आहे, हल्ला वाढला की शरीर आधी जास्त शिपाई उभे करतं आणि लढाई वर्षानुवर्षं चालली की शिपाई कमी पडायला लागतात. माझं म्हणणं असं की हा कमी शब्द नीट वाचला पाहिजे. या पोरांच्या अंगात अँटिऑक्सिडंट कमी आहेत ते मुख्यतः आईनं डाळिंब कमी खायला घातलं म्हणून नव्हे, ते रोज जळून जातायत म्हणून. घरात पैसा उरत नाही तेव्हा दरवेळी पगार कमी असतो असं नाही, खर्च कुठं चाललाय ते बघावं लागतं.

खर्च कुठं चाललाय? लोहावर. आणि हे लोह कुठून येतं ते ऐकलं की पोटात कालवतं, कारण ते येतं त्याच बाटलीतून जी त्याला जगवते. रक्ताच्या एका बाटलीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. आपल्या शरीरातून रोज बाहेर पडतं एक-दोन मिलिग्रॅम, तेसुद्धा सहज झडून, लोह बाहेर टाकायची वेगळी वाटच शरीराला दिलेली नाही. दर तीन आठवड्यांना एक धरली तरी वर्षाला सतरा बाटल्या. म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं! एवढं त्या २७ किलोच्या पोराच्या अंगात दरवर्षी नव्यानं येतं आणि बाहेर जायला वाट नाही.

रक्तात लोह वाहून नेणारं एक प्रथिन असतं, ट्रान्सफेरिन. एरवी त्याच्या साधारण तिसरा हिस्सा जागाच भरलेल्या असतात. या पोरांमध्ये ते गच्च भरतं आणि उरलेलं लोह तसंच मोकळं फिरायला लागतं. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मावशी, शाळा सुटायच्या टायमाची खानापूर बस." बरोब्बर तेच. दारात लोंबकळणारं ते लोह यकृतात शिरतं, हृदयात शिरतं, उंची वाढवणाऱ्या, वयात आणणाऱ्या ग्रंथींत शिरतं, स्वादुपिंडात शिरतं आणि पुढं साखर होते. आणि जिथं शिरतं तिथं तेच फेंटनचं चिंचेचं प्रकरण चालू करतं. थॅलेसेमियाची माणसं पूर्वी तरुणपणीच जायची त्याचं सगळ्यात मोठं कारण हृदयात साठलेलं हे लोह.

म्हणून या पोरांचं खरं अँटिऑक्सिडंट कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, लोह बाहेर काढणारं औषध. चिलेशन म्हणतात त्याला. सर्वसाधारण दहा-वीस बाटल्या चढल्या किंवा फेरिटीन १००० च्या वर गेलं की ते सुरू करतात. तीन औषधं आहेत. सगळ्यात जुनं डेफेरॉक्सामिन, ते कातडीखाली सुई टोचून पंपानं आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. डेफेरिप्रोन गोळ्या दिवसातून तीनदा, त्यानं लघवी लालसर होते, आया घाबरून फोन करतात पण ते लोह बाहेर पडायलंय. त्या औषधात खरी भीती पांढऱ्या पेशी एकदम घसरण्याची, ताप किंवा घसादुखी आली की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. आणि तिसरं डेफेरासिरॉक्स, भाच्याला तेच चालू आहे, दिवसातून एकदा, त्यात किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

त्याची गोळी पाण्यात विरघळवून प्यायची असते, रिकाम्या पोटी. विरघळते म्हणायचं, तशी पुरी विरघळत नाही. काचेच्या ग्लासात टाकली की पांढरा गढूळपणा खालून वर येतो, चुन्याच्या निवळीसारखा, ढवळून प्यायला तरी तळाला पिठूळ थर राहतो. त्यात परत थोडं पाणी घालून, हलवून तेही प्यायचं, नाहीतर औषधाचा तेवढा भाग ग्लासातच राहतो. पोर नाक मुरडतं. रोज सकाळी, शाळेच्या घाईत, जन्मभर. जे रोज देतात त्या आयांना मी मनापासून नमस्कार करते.

त्या रात्री अक्काला विचारलं, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? ती गप्प झाली. मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातनं स्ट्रिपा काढल्या आणि मेणबत्तीच्या उजेडात आम्ही दोघींनी मोजल्या. १९ गोळ्या जास्तीच्या होत्या. टॉनिकही गरम आणि गोळीही गरम, दोन्ही सोसणार नाही म्हणून ती दीड महिना गोळी कधी रोज, कधी एक दिवसाआड द्यायला लागली होती. टॉनिकच्या बाटलीवर डाळिंबाचं चित्र, गोळीच्या स्ट्रिपवर इंग्लिशमध्ये सूचना. कुठलं घरातलं आणि कुठलं परकं वाटणार तुम्हीच सांगा.

मला राग आला नाही, रडू आलं. दारामागं कोयता टांगलेला होता, दाजी रोज संध्याकाळी त्याला तेलाचा हात फिरवतात, नाहीतर या पावसात एका रात्रीत तांबूस गंज धरतो. मी म्हणाले, अक्का, हा कोयता रात्रभर अंगणात पावसात ठेव आणि दर तासाला उठून तेल लाव, टिकेल का? ती म्हणाली, आत आणून ठेवायचा की गं. म्हटलं तेच. अँटिऑक्सिडंट म्हणजे तेल, ते चांगलंच आहे, पण ही गोळी म्हणजे कोयता आत आणणं. आणि त्या बाटलीत तर वर परत लोह घातलंय.

व्हिटॅमिन सी वाचून लोकांना वाटतं की ते तर चांगलंच. निरोगी माणसाला चांगलंच आहे. पण ज्याच्या अंगात लोह साठलंय त्याला मोठ्या डोसमध्ये दिलं तर ते साठ्यातलं लोह मोकळं करतं, चिलेशन चालू नसेल तर ते मोकळं लोह हृदयावर जातं, आणि आतड्यातून लोह शोषून घ्यायलाही ते मदत करतं. डॉक्टर काही रुग्णांना डेफेरॉक्सामिनच्या जोडीला अगदी थोड्या मात्रेत देतात, कारण तेव्हा मोकळं झालेलं लोह पकडायला औषध रक्तात हजर असतं. म्हणजे तीच वस्तू एका ठिकाणी कामाची आणि दुसऱ्या ठिकाणी घातक, हे ठरवायचं काम टॉनिकच्या बाटलीचं नाही. एखादा पेरू खाल्ला, आमटीत लिंबू पिळलं म्हणून घाबरायचं कारण नाही, मी बोलतेय ते गोळ्या, पावडरी आणि टॉनिकांबद्दल.

व्हिटॅमिन ईचं काय? त्यावर या रुग्णांमध्ये काम झालंय, दिल्यावर रक्तातली त्याची पातळी वाढते, खवटपणा मोजणारे आकडे खाली येतात, हे चांगलंच आहे. पण त्यामुळं रक्ताच्या बाटल्या कमी लागायला लागल्या असं ठामपणे दिसलेलं नाही. हळदीतल्या कर्क्युमिनवरही काम झालंय, तिथंही तेच, आकडे सुधारतात. डॉक्टरांनी लिहून दिलं तर जरूर द्या, आमच्या पोरालाही फॉलिक ॲसिड आणि झिंक लिहून दिलंय, झिंक अशासाठी की चिलेशनची औषधं लोहाबरोबर थोडं झिंकही ओढून नेऊ शकतात, आणि वर सांगितलं तसं एसओडीला झिंक लागतंच. पण ते तेल. कोयता आत आणल्यावरचं.

खाण्याबद्दल अक्कानं दहा प्रश्न विचारले. बीट देऊ का, खजूर देऊ का, लोखंडी कढईतली आमटी चालते का. शेजारपाजारचे बघायला येतात ते गूळ-शेंगदाणे घेऊनच येतात, रक्त वाढेल म्हणून, त्यांच्या मायेला नाही म्हणवत नाही. मी सांगितलं की त्याचा आजार लोह कमी असण्याचा नाहीच, तेव्हा रक्तवाढीचं म्हणून मुद्दाम काही घालू नको, आंबट आमटी लोखंडी कढईत करू नको, बाकी घरात जे शिजतं ते पोटभर दे. भात, भाकरी, दही, भाज्या, आणि आपल्याकडची रताळी, ती तर तिच्या परसातच निघतात. जेवताना अर्धा कप कोरा चहा त्याच्या डॉक्टरांनीच सांगितलाय, चहामुळं जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. अकरा वर्षांच्या पोराला जेवताना चहा म्हणून आज्जीला अजून पटत नाही ते वेगळं.

पुढच्या गुरुवारी बेळगावला बाटली चढवायची तारीख होती, मी सुट्टी टाकून गेले आणि टॉनिकची बाटली पिशवीत घालून डॉक्टर मॅडमना दाखवली. त्या अक्कावर रागावल्या नाहीत, बरं वाटलं. फेरिटीन पाठवलं, ते २१४० आलं, आधीचं १७८० होतं. त्याला त्याच आठवड्यात सर्दीताप होऊन गेला होता आणि तापातही फेरिटीन वाढतं, त्यामुळं किती वाढ कशाची हे एका आकड्यावरून सांगता येत नाही, पण मॅडम म्हणाल्या टॉनिकपेक्षा मला त्या १९ गोळ्यांची काळजी वाटते. हृदयातलं लोह बघायचा एमआरआय, टी-टू-स्टार म्हणतात तो, गेल्या वर्षी झाला होता तेव्हा २६ होता. २० च्या वर असला की ठीक. तो आता परत करायचा आहे.

शेजारच्या बेडवर गोकाककडची एक आई होती, पोरगी सहा-सात वर्षांची. तिला मराठी येत नाही, अक्काला कन्नड बाजारापुरतं येतं. पण चार तास शेजारी शेजारी बसल्यावर आया बोलायच्या थांबत नाहीत. तिनं आपल्या पिशवीतनं एक बाटली काढून अक्काला दाखवली, कंपनी वेगळी, पण तसंच डाळिंब. अक्का माझ्याकडं बघायला लागली. मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, कब्बिण म्हणजे लोखंड एवढं सांगितलं आणि पुढं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसला काय म्हणायचं म्हणून अडखळले. तर अक्काच बोलली. "कब्बिणक्के तुक्कु हिडितैतल्ला, हंग." लोखंडाला गंज धरतो ना, तसं. त्या बाईनं बाटली हातात फिरवली, मागचं लेबल माझ्यापुढं धरलं आणि लोह कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखव म्हणाली. दाखवलं.

एक कामाची गोष्ट लिहून ठेवते, कारण तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचं नाव आहे, त्याचं प्रमाणपत्र आणि कार्ड काढता येतं. आणि घरात मायनर कुणी निघालं तर बाकीच्या भावंडांची, चुलत-मावस सगळ्यांची एचपीएलसी एकदा करून घ्या, लग्न ठरायच्या आधी. मायनर असाल आणि कुणी लोहाच्या गोळ्या दिल्या तर आधी फेरिटीन बघा म्हणून सांगा, खरंच लोह कमी असेल तर जरूर घ्या, नसेल तर घेऊ नका. धाकट्या भावाला मुलगी बघायला सुरुवात झालीय, तोही मायनर आहे, आई पहिल्याच फोनवर हे सांगून टाकते. दोन ठिकाणांहून परत फोन आला नाही, तिसऱ्यांनी आपल्या मुलीची तपासणी करून रिपोर्टचा फोटो पाठवला.

अक्काला आता मी रोज सकाळी सहा चाळीसला मिस्ड कॉल देते. सुरुवातीला ती उचलून सांगायची दिली म्हणून, आता भाचाच फोन ओढून घेतो. काल म्हणाला, "मावशी, ऐक." आणि फोन ग्लासाजवळ धरला, चमच्याचा किणकिण आवाज आला, मग घोट, मग परत पाणी ओतल्याचा आवाज, परत किणकिण.

"तळातलं पण प्यालो. ठेवू आता? बस यायलीय."